खुर्चीतली झोप

माझ्या वडिलांनी, आर्व्हो निस्कानेन यांनी, एकतीस हिवाळे काउंटीचा बर्फ हटवायचा ट्रक चालवला. एवढ्या वर्षांत त्यांनी आजारपणाची रजा दोनदा घेतली. एकदा मनगट मोडलं म्हणून आणि एकदा आई गेली म्हणून. दुसऱ्या वेळच्या अर्जावर कारणाच्या जागी त्यांनी ‘पत्नी’ एवढा एकच शब्द लिहिला होता. तो अर्ज साहेबांनी जपून ठेवला आणि निवृत्तीच्या दिवशी मला दाखवला. बाबांचा स्वभाव मला कळावा असं त्यांना वाटलं असेल. मला तो माहीत होता. आमच्याकडे सगळेच तसे होते.

लेक सुपीरियरच्या काठच्या आमच्या गावात निम्मी घरं फिनिश, म्हणजे फिनलंडहून आलेल्यांची. कुणी विचारलं, ‘कसं काय?’ तर एकच उत्तर, ‘चाललंय.’ गाय मेली तरी चाललंय, खाण बंद पडली तरी चाललंय. यापेक्षा जास्त सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या दारात आपला कचरा टाकणं. हे मला कुणी शिकवलं नाही. घरात राहून अंगात भिनलं.

बाबा रोज पहाटे एका वहीत नोंद करायचे. रात्रीत किती इंच बर्फ पडला, वारा कुठला, ट्रक रस्त्यावर किती वाजता आला. नोकरीत असताना कामासाठी, नंतर सवयीने. शिसपेन्सिलीने, एका दिवसाला एक ओळ. जानेवारीत ते हॉस्पिटलात गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे दोनच गोष्टी मागितल्या, दाढीचं सामान आणि वही.

हृदय थकलं होतं. ते पुरेसं रक्त पुढे ढकलत नव्हतं, म्हणून पाणी पायात आणि छातीत साचत होतं. सहा दिवस हॉस्पिटलात औषधं देऊन त्यांच्या अंगातलं एकोणीस पौंड पाणी काढलं. मग त्यांना कालव्याजवळच्या नर्सिंग होममध्ये हलवलं. पाणी पुन्हा साचतं का, गोळी किती लागते, याची घडी बसेपर्यंत त्यांच्यावर नजर ठेवायची होती. खर्च मेडिकेअर करणार होतं, म्हणजे म्हातारपणीचा सरकारी विमा. मी तीन तासांवरच्या शहरात ग्रंथालयात काम करते. रजा काढून मी बाबांच्या घरी राहायला आले आणि रोज सकाळी नाश्ता झाला की त्यांच्याकडे जायला लागले.

त्यांच्या खोलीत दुसरे गृहस्थ होते, वायनो सारेला. नव्वदीला टेकलेले, कमरेचं हाड मोडून आलेले. पूर्वी ते लाकूड तोडायच्या टोळीवर स्वयंपाक करायचे. बाबांना त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं.

“हा आर्व्हो,” ते मला म्हणाले, “याने एकोणऐंशी साली माझी टपालपेटी उडवली होती. ट्रकच्या पात्याने. सरळ गटारात.”

“टपालपेटी रस्त्यात होती,” बाबा म्हणाले.

“रस्ता टपालपेटीत होता, गाढवा.”

मला कित्येक महिन्यांत बाबा असे हसलेले आठवत नव्हते.

टेसा नावाची तरुण नर्स सकाळी यायची. बाहेरगावची होती आणि भराभर काम करायची. तिच्याकडे एकवीस रुग्ण होते, त्यामुळे तिला दोष देणं मला जड जातं. चाकांच्या टेबलावर तिचा संगणक असायचा. ती पडद्याकडे बघत विचारायची,

“आर्व्हो, आज कसं वाटतंय?”

“चाललंय.”

“श्वासाचा काही त्रास?”

“नाही.”

“दुखतंय कुठे? शून्य ते दहा?”

“शून्य.”

“मला विचार,” वायनो पलीकडून म्हणायचे. “दहापैकी जे काय असेल ते मी त्याच्या वाटणीचं पण सांगतो.”

“तुमचं किती?”

“चाललंय,” वायनो म्हणायचे, आणि दोघे म्हातारे एकमेकांकडे बघायचे, शाळेत मास्तरांना फसवल्यासारखे.

टेसा टाइप करायची आणि पुढच्या खोलीत जायची.

आठव्या दिवशी, शुक्रवारी, रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडावर ताण दिसला, म्हणून डॉक्टरांनी पाण्याची गोळी निम्मी केली. आता वजन रोज करा, असं ते म्हणाले. रोजचं वजन कुणीतरी आठवड्याच्या तक्त्यात लिहायला विसरलं आणि ते पूर्वीसारखं एकदिवसाआड चालू राहिलं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की शनिवारी सकाळी मी गेले तर बाबा खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते आणि पलंगावरची चादर कालच्यासारखीच ताठ होती.

“पलंगावर झोपला नाहीत?”

“पहाटे ट्रक येतो. बघायला बसलो आणि डोळा लागला.”

“आणि शिव्या देत होता,” वायनो म्हणाले. “पातं फार वर धरलंय म्हणे. एवढ्या प्रेमाने मी माझ्या बायकोकडे कधी पाहिलं नाही.”

“म्हणून ती तिच्या बहिणीकडे राहायला गेली,” बाबा म्हणाले.

मी हसले. रविवारीही चादर ताठ होती. सोमवारीही. हॉस्पिटलात दिलेलं पत्रक मी दोनदा वाचलं होतं. माझी सवयच ती. त्यात लिहिलं होतं, की आडवं झोपल्यावर गुदमरत असेल, उशा वाढवाव्या लागत असतील किंवा बसून झोपावं लागत असेल, तर ताबडतोब कळवा. मी ते वाचलेलं होतं. मग मी बाबांकडे बघायचे. ते दाढी करून, शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावून बसलेले असायचे, आणि ट्रक खरोखरच पहाटे यायचा.

मंगळवारी मार्लिस हुह्ता एक कागद घेऊन आली. मार्लिस तिथली मुख्य परिचारिका. शाळेत ती माझ्या एक वर्ष पुढे होती. तिने खुर्ची ओढली तेव्हाच मी ओळखलं, की हिला नको असलेलं काम करायचं आहे.

“लिनेट, मेडिकेअरचं गुरुवारी संपतंय,” ती म्हणाली. “आमच्या बैठकीत ठरलं. बाबा दोनशे फूट चालतात, वजन स्थिर आहे, तक्रार काही नाही. नर्सने रोज बघावं असं कागदावर काही उरलेलं नाही.”

“गोळी शुक्रवारी निम्मी झालीय.”

“माहीत आहे. त्यानंतरही चार दिवस ते ठीकच आहेत. तीच तर अडचण आहे.”

“पैसे आम्ही भरले तर?”

तिने रोजचा आकडा सांगितला. मी बोलायच्या आत बाबा म्हणाले, “त्या पैशात मी वायनोला हवाईला पाठवीन. नको. शनिवारी घरी जाऊ. शनिवारी सौना आहे.” सौना म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून घेतलेली वाफेची आंघोळ, आमच्याकडे दर शनिवारची.

“सौना बंद सांगितलंय तुम्हाला.”

“नुसता बाहेर बसेन. बसायला डॉक्टर लागतो का?”

मार्लिस माझ्याशी हळू आवाजात बोलली. “अपील करता येतं. या नंबरवर, उद्या दुपारी बाराच्या आत. फुकट आहे. बाहेरचे डॉक्टर कागद बघतात आणि पेशंटशी बोलतात. तू कर. माझ्या हातात असतं तर मी त्यांना अजून आठवडाभर ठेवलं असतं. पण माझ्याकडे लिहिलेलं काही नाही.”

ती संध्याकाळ मी स्वयंपाकघरात नियम वाचण्यात घालवली. बोलायचं असतं तिथे मी वाचते, हा माझा जुना रोग. नियम मला सापडला, आणि तो चांगला नियम होता. रुग्णाची प्रकृती बिघडण्याची वाजवी शक्यता असेल, तर उपचारांची घडी बसेपर्यंत प्रशिक्षित नर्सने त्याच्याकडे बघत राहणं हेच कुशल शुश्रूषेत मोडतं. त्यासाठी सलाईन लागत नाही, जखम लागत नाही. नुसतं बघणं पुरतं. शेवटी काही बिघडलं नाही तरी चालतं, शक्यता होती एवढं पुरे. मी तो उतारा सुबक अक्षरात उतरवून घेतला. ज्याने कुणी तो लिहिला त्याचं कुणी वडीलधारं माणूस कधीतरी असं पलंगावर असणार, असंही मला वाटलं. बुधवारी सकाळी नऊ वाजता मी फोन करून अपील नोंदवलं.

गुरुवारी दुपारी फोन आला. दक्षिणेकडच्या उच्चाराची एक बाई होती, अत्यंत सभ्य. फोन मी सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. वायनोंनी टीव्ही बंद केला. बाबा खुर्चीत सरळ झाले आणि त्यांनी कॉलर चाचपली. सरकारकडून कुणी बोलत होतं.

“मिस्टर निस्कानेन, तुम्हाला अजून तिथे राहायची गरज आहे असं तुमच्या मुलीला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?”

“मुलगी काळजी करते. वाचते फार.”

“तुम्हाला स्वतःला कसं वाटतंय?”

“चाललंय. इथे माझ्यापेक्षा आजारी माणसं आहेत. माझ्या शेजारीच एक आहे, त्याचं डोकं पूर्वीपासून गेलंय.”

वायनोंनी उशीत तोंड खुपसलं.

“चालताना धाप लागते?”

“चौऱ्याऐंशी वय आहे, बाई. तुम्हालाही लागेल.”

ती हसली. “झोप कशी लागते?”

बाबा एक क्षण थांबले. तो क्षण मी पुढे अनेकदा मोजला आहे. फार तर दोन सेकंद. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खिडकीकडे बघितलं.

“लहान पोरासारखी,” ते म्हणाले.

“छान. तुमची मुलगी तिथे आहे का? मॅडम, तुम्हाला काही सांगायचंय?”

होतं. मला सांगायचं होतं, की सहा रात्री हा माणूस पलंगावर झोपलेला नाही. तेवढं एक वाक्य. पण ते म्हटलं असतं तर माझे वडील आत्ताच खोटं बोलले असं मी म्हणाले असते, सरकारी बाईसमोर आणि वायनोसमोर, आणि ते कॉलर धरून सरळ बसलेले असताना. त्यांच्या हयातीत त्यांना कुणी खोटं ठरवलं नव्हतं. मी कागद उचलला आणि नियम वाचून दाखवला. स्पष्ट, न अडखळता, कलमाच्या क्रमांकासकट.

“तुम्ही चांगला अभ्यास केलाय, मॅडम,” ती म्हणाली. “नियम आम्हाला मान्यच आहे. आम्हाला फक्त त्यांच्या प्रकृतीत काही दिसायला हवं. कागदांत नाही असं काही तुमच्या पाहण्यात आलंय का?”

“काळजी वाटते,” मी म्हणाले.

“स्वाभाविक आहे,” ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर वायनो म्हणाले, “आर्व्हो, माझं डोकं गेलं तर तुझी टपालपेटी गेली.” काय म्हणायचं होतं ते त्यांनाही कळलं नसावं. सगळे हसले. मीही.

शुक्रवारी संध्याकाळी निकाल आला. अपील फेटाळलं. प्रकृती स्थिर, तक्रार नाही, दररोज कुशल निरीक्षणाची आवश्यकता दिसत नाही. “सांगितलं होतं ना,” बाबा म्हणाले, आणि शनिवारी सकाळी मी पोचले तेव्हा ते कोट घालून तयार होते. फक्त पायात बूट नव्हते, घरातल्या सपाता होत्या. गाडीपर्यंत तर जायचंय, ते म्हणाले. मी त्यांची पिशवी भरली. दाढीचं सामान वर, वही खाली. वही गेले पंधरा दिवस त्यांच्या पलंगाशेजारच्या टेबलावर पडून होती, पाण्याच्या पेल्याखाली, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेसमोर. मी ती उघडली नाही. आमच्या घरात कुणी कुणाची वही उघडत नाही.

दुपारी मी सौनाची चूल पेटवली, कारण ते म्हणाले, निदान धूर तरी निघू दे, नाहीतर शेजारचा रूडी समजेल मी मेलो. ते बाहेरच्या छोट्या खोलीत बाकावर बसले, लोकरी मोजे आणि स्वेटर घालून. आत दगडांवर कुणी पाणी ओतत नव्हतं. मी वेलचीचा ब्रेड आणि कॉफी आणली. त्यांनी साखरेचा खडा दातात धरून कॉफी घेतली.

“ती बाई चांगली होती,” ते म्हणाले.

“कोण?”

“फोनवरची. अपेक्षेपेक्षा चांगली. तिच्याशी भांडल्यासारखं करायची गरज नव्हती तुला.”

“मी भांडत नव्हते, बाबा.”

“वाचून दाखवत होतीस.” कॉफीचा घोट घेऊन ते म्हणाले, “छान वाचतेस पण.”

मी मंगळवारपर्यंत राहिले. गुरुवारपर्यंत थांबायचा विचार होता, पण हवामान खात्याने वादळाचा इशारा दिला. बाबा खिडकीशी उभे राहून म्हणाले, वायव्येचा वारा आहे, दुपारनंतर पुलाच्या पलीकडे जाऊ शकणार नाहीस, निघ. रस्त्याच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायचा नसतो. बुधवारी घरी नर्स येणार होती. बर्फामुळे ती आली नाही, तिने फोन केला. तिने काय विचारलं आणि बाबांनी काय उत्तर दिलं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, पण तिने प्रामाणिकपणे सांगितलं. गुरुवारी सकाळी चिमणीतून धूर दिसला नाही म्हणून रूडी बघायला आला. बाबा खिडकीशी खुर्चीत होते.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात कॉफी झाली. तेवीस प्रकारचे केक होते. काउंटीच्या गॅरेजमधले लोक केशरी जाकिटात आले आणि मागे उभे राहिले. प्रत्येकाने माझा हात हातात घेऊन तेच सांगितलं, की कधी तक्रार केली नाही माणसाने. पास्टरने प्रवचनातही ते सांगितलं. मी सगळ्यांना ‘हो’ म्हणाले. बत्तीस वेळा तरी म्हणाले असेन.

वही मी त्यानंतर चौथ्या दिवशी उघडली, तारीख घालून बंद करावी म्हणून. शेवटची पानं अशी होती. मी काही बदललेलं नाही.

‘शनिवार. ४ इंच. वारा पश्चिम. ट्रक ५.४०, पातं वर. खुर्चीत झोपलो.

रविवार. १ इंच. ट्रक नाही. खुर्चीत. आडवं होताच दम.

सोमवार. ७ इंच. ट्रक ५.१५. खुर्चीत. उजवा बूट पायात गेला नाही.

मंगळवार. २ इंच. खुर्चीत. दोन्ही बूट नाहीत. लिन आली.’

पुढेही तसंच. घरी आल्यावर न्हाणीघरातल्या काट्यावरचं पौंडांतलं वजन बर्फाच्या इंचांशेजारी त्याच अक्षरात होतं. शनिवार १७८. रविवार १८१. सोमवार १८३. मंगळवार १८६, लिन निघाली, रस्ता चांगला. बुधवार १९०, ११ इंच, वायव्य. गुरुवारच्या ओळीत फक्त तारीख होती.

मेडिकेअरच्या नियमात जे निरीक्षण म्हटलं आहे ते संपूर्ण त्या वहीत होतं. दररोजचं, तारीखवार, प्रशिक्षित नजरेचं. एकतीस वर्षं या माणसाने न दिसणारा रस्ता ओळखून त्यावर ट्रक चालवला होता. त्याला स्वतःच्या अंगात काय साचतंय ते कळत नव्हतं असं कुणी मला सांगू नये.

दोन आठवड्यांनी नर्सिंग होममधून निरोप आला, बाबांची उशी आणि चष्म्याचं घर तिथे राहिलंय. मी गेले आणि वहीही नेली. मार्लिसच्या खोलीत दार लावून मी ती तिच्यापुढे ठेवली. तिने नर्सच्या पद्धतीने वाचली, बोट ओळीखाली धरून. एकदा वाचून झाल्यावर मागे गेली आणि शनिवारपासून पुन्हा वाचली.

“यातली एक ओळ,” ती म्हणाली, “एक ओळ माझ्या कागदात असती, तर मेडिकेअरने अजून पंधरा दिवस सहज दिले असते. बैठक झालीच नसती. आम्ही गोळी त्याच दिवशी वाढवली असती.”

“माहीत आहे.”

“वजन रोज व्हायला हवं होतं. ते आमच्याकडून राहिलं. मी हे लिहून वर पाठवलंय, तुला कळायला हवं.”

“बरं.”

“आम्ही रोज विचारत होतो, लिनेट.”

“रोज विचारत होता. तुझे वडील असते तर काय म्हणाले असते?”

तिचे वडील खाणीतले. त्यांनी फुप्फुसाचं दुखणं किती वर्षं लपवलं ते गावाला ठाऊक आहे. ती वहीच्या कडेवर अंगठा फिरवत राहिली.

“तुला माहीत होतं का?” तिने विचारलं. “खुर्चीचं?”

“हो,” मी म्हणाले.

तिने वही मिटून दोन्ही हातांनी परत दिली.

“तुमच्या लोकांनी काय लिहिलं होतं?” मी विचारलं.

तिने संगणकावर शोधलं. रात्रपाळीची नोंद होती, आठही रात्री तीच. ‘रुग्णाला खुर्चीत बसायला आवडते. खिडकीतून बर्फाचा ट्रक पाहतात.’

उशी काखेत मारून मी बाहेर पडले. बाबांच्या खोलीचं दार उघडं होतं. त्यांच्या पलंगावर नवीन माणूस होता, भिंतीकडे तोंड करून. पलीकडे वायनो होते, आणि त्यांच्या पायथ्याशी टेसा, चाकांचं टेबल घेऊन. मी वायनोंना भेटायला थांबले होते, एवढंच.

“वायनो, आज कसं वाटतंय?”

“चाललंय.”

“कमरेत दुखतंय? शून्य ते दहा?”

“शून्य.”

टेसाची बोटं चालू झाली. वायनोंचा एक हात पांघरुणाखाली होता आणि दुसऱ्याने त्यांनी पलंगाची कड धरली होती. ती मूठ कशी आवळलेली होती ते दारातून दिसत होतं. पडद्यावरून दिसण्याची सोय नव्हती.

“त्यांना विचारू नकोस,” मी म्हणाले.

टेसाने वर पाहिलं.

“किती दुखतंय ते त्यांना विचारू नकोस. चादर बाजूला कर. त्यांना कुशीवर वळायला सांग आणि तोंडाकडे बघ. रात्री किती वाजता जागे होते ते रात्रपाळीला विचार. आणि त्यांचं उत्तर लिहू नकोस, तुला जे दिसेल ते लिही.”

माझा आवाज वाढलेला नव्हता. वायनोंनी माझ्याकडे पाहिलं. चर्चमध्ये कुणी शिवी दिली तर लोक बघतात तसं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“आर्व्होची पोरगी,” ते टेसाला म्हणाले, मी तिथे नसल्यासारखे, “फार बोलते. त्याला आवडलं नसतं.”

“नसतंच आवडलं,” मी म्हणाले.

टेसाने टेबल बाजूला ढकललं, पलंगाला वळसा घालून ती खिडकीच्या बाजूला गेली आणि पांघरुणाच्या कडेला हात लावला.

“चला, वायनो,” ती म्हणाली. “माझ्याकडे वळा.”

त्यांनी तोंड माझ्यापासून फिरवलं आणि वळायला सुरुवात केली.